अर्ध्यावर थांबवलेलं कुजणं

दक्षिण चिलीच्या पावसाळी जंगलांत गुरं लाकूड खातात. साल नव्हे, कोवळ्या डहाळ्याही नव्हेत. वर्षानुवर्षं ओलीत पडून राहिलेल्या अवाढव्य ओंडक्यांचा पांढराफटक, स्पंजासारखा गाभा ती खातात. तिथली माणसं त्याला 'पालो पोद्रिदो', म्हणजे कुजकं लाकूड, म्हणतात आणि चाऱ्याची ओढ असली की तेच जनावरांपुढे टाकतात. फेडेरिको फिलिप्पी या निसर्ग-अभ्यासकाने चिलीतल्या बुरशांवर लिहिताना 1893 साली त्याची नोंद करून ठेवली. पुढे 1980च्या दशकात झाड्राझिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लाकडाचे नमुने तपासले. ताजं लाकूड गाईच्या पोटात जवळजवळ जसंच्या तसं राहतं. या कुजलेल्या गाभ्याचे काही नमुने मात्र निम्म्याहून अधिक पचत होते.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गाईपेक्षा लाकडाचंच नवल वाटलं. कुजलं म्हणजे वाया गेलं, हा आपला पक्का समज. इथे तर चांगलं लाकूड खाण्याच्या लायकीचं नाही आणि कुजलेलं आहे! तेव्हापासून भुसा, पेंढा, कडबा, पाचट यांच्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

पिकातून आपण दाणा काढून घेतो आणि उरलेल्याला काडीकचरा म्हणतो. हे उरलेलं वजनाने दाण्याइतकं तरी असतंच, बऱ्याच पिकांत त्याहून जास्त. एक किलो धान्य आणि एक किलो गव्हाचा भुसा प्रयोगशाळेतल्या उष्णतामापकात पूर्ण जाळून पाहिले, तर दोन्हींतून जवळपास सारखीच उष्णता बाहेर पडते. ऊर्जा दोन्हींत तेवढीच आहे. गव्हाच्या भुशाचा साधारण दोन तृतीयांश भाग सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या साखरांच्या साखळ्याच. फरक इतकाच की दाण्यातली साखर झाडाने पुढच्या रोपासाठी साठवलेली असते, ती मोकळी करता येईल अशीच ठेवलेली असते. काडीतली साखर बांधकामात गेलेली असते. आणि या बांधकामाला झाडाने लिग्निन चोपडलेलं असतं.

1813 साली स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी या पदार्थाला नाव दिलं. झाडाला उभं राहता येतं, मुळांतलं पाणी न गळता शेंड्यापर्यंत चढतं, ते या लिग्निनच्या जोरावर. त्याची रचना मात्र विलक्षण बेशिस्त आहे. प्रथिनं, स्टार्च, सेल्युलोज यांत ठरावीक घटक ठरावीक पद्धतीने जोडलेले असतात, त्यामुळे तो ठरावीक जोड कापणारं विकर, म्हणजे एन्झाइम, निसर्गात तयार होऊ शकतं. लिग्निनचे घटक कसेही, कुठल्याही कोनात, दहा प्रकारच्या जोडांनी एकमेकांत गुंतलेले. एक जोड कापता आला म्हणून शेजारचा कापता येईल असं नाही. शिवाय सेल्युलोज कापणारी विकरं आकाराने इतकी मोठी, की लिग्निनने लिंपलेल्या पेशीभित्तीत ती शिरूच शकत नाहीत. साखर समोर आहे आणि हात पोचत नाही.

गाय गवत खाते म्हणजे तिला सेल्युलोज पचतं, असं आपण सहज म्हणतो. खरं तर तिला ते पचत नाही, तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांना पचतं. पोटाचा पहिला मोठा कप्पा, रूमेन, ही त्यांची वसाहत. जिवाणू, आदिजीव आणि बुरशासुद्धा. बुरशांचा शोध उशिरा लागला याचं कारण मजेदार आहे. रूमेनमधल्या द्रवात शेपटी हलवत पोहणारे काही जीव पूर्वीपासून दिसत होते, पण बुरशीला जगायला हवा लागते या समजुतीपोटी त्यांना आदिजीवांच्या यादीत टाकलं होतं. कॉलिन ऑर्पिन यांनी 1975 साली दाखवलं की हे पोहणारे जीव म्हणजे बुरशीचे बीजाणू आहेत. चाऱ्याच्या तुकड्याला चिकटतात, त्यात मुळांसारखे तंतू रोवतात आणि तो आतून फोडतात. पुढे त्यांच्या पेशीभित्तींत कायटिन हा बुरशांच्या भित्तीतला पदार्थ सापडला आणि वाद मिटला. हवेशिवाय जगणारी बुरशी असू शकते, हे वैज्ञानिकांना एका मेंढीच्या पोटाने शिकवलं.

पण या बुरशांनाही लिग्निन खऱ्या अर्थाने मोडता येत नाही. त्यांचा नाइलाज आहे. लिग्निनचं विघटन म्हणजे जवळजवळ ज्वलनच, आणि ज्वलनाला ऑक्सिजन लागतो. रूमेनमध्ये तो नसल्यातच जमा. म्हणजे जगातलं गवत पचवण्याचं सर्वांत तयारीचं यंत्र नेमकं अशा जागी आहे, जिथे ही एक गोष्ट घडूच शकत नाही. नुसता भुसा खाणारी गाय म्हणूनच विचित्र अवस्थेत असते. चारा हळूहळू फुटतो, हळूहळू पुढे सरकतो, तोवर कप्पा भरलेलाच राहतो आणि तिला आणखी खाता येत नाही. पोट तुडुंब, आणि गाय उपाशी.

यावर माणसाने आधी रसायनशास्त्राचा मार्ग काढला. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत चाऱ्याची टंचाई झाली, तेव्हापासून एर्न्स्ट बेकमान या रसायनशास्त्रज्ञाने भुसा कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात भिजवून धुण्याच्या पद्धतीवर काम केलं. त्याची ही पद्धत 1921 पासून ओळखली जाते. भुसा मऊ पडतो, पचनही सुधारतं. पण धुताना पाणी अफाट लागतं, चांगले विद्राव्य घटकही वाहून जातात आणि सोड्याचं पाणी सोडायचं कुठे हा प्रश्न उरतोच. पुढे अमोनिया आणि युरिया आले. ओलसर भुशावर युरिया शिंपडून तो झाकून ठेवला की त्यातून अमोनिया सुटतो, भुसा सैल होतो आणि थोडा नायट्रोजनही मिळतो. ही पद्धत साधी आहे, टिकाऊ आहे आणि जगभर वापरात आहे. बुरशीच्या नादी लागलेल्यांनी या साध्या पद्धतीला कमी लेखू नये, असं मला वाटतं. बुरशीची तुलना शेवटी तिच्याशीच होणार.

आता बुरशी. जंगलात पडलेलं लाकूड मुख्यतः दोन तऱ्हांनी कुजतं. एका प्रकारात ते तपकिरी होतं, चौकोनी भेगा पडून त्याचे ठोकळे सुटतात. त्या बुरशा साखर खातात आणि लिग्निन मागे ठेवतात. गुरांच्या दृष्टीने कामातून गेलेला माल. दुसऱ्या प्रकारात लाकूड पांढरं पडतं, दोऱ्यादोऱ्याने सुटतं. या श्वेतकुज बुरशा. लिग्निन मुळापर्यंत मोडून टाकणारे जीव पृथ्वीवर मोजकेच, त्यांत यांचा नंबर पहिला. बाजारात मिळणारी धिंगरी अळंबी याच गोत्रातली.

त्या हे करतात कसं, हे 1983 साली स्पष्ट होऊ लागलं. अमेरिकेतल्या दोन गटांना, त्यांतला एक मॅडिसनच्या वनोपज प्रयोगशाळेतला टिएन आणि कर्क यांचा, फॅनेरोकीटे क्रायसोस्पोरियम या बुरशीत लिग्निन पेरॉक्सिडेज हे विकर सापडलं. हे विकर कापत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने ते लिग्निनमधले इलेक्ट्रॉन ओढून काढतं आणि त्यामुळे अस्थिर झालेलं लिग्निन आपलं आपणच फुटत जातं. कुठला जोड कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बेशिस्त रचनेवर बेशिस्त हत्यार! काही बुरशा मँगॅनीजचे आयन वापरतात. ते इतके लहान, की जिथे विकर शिरू शकत नाही अशा फटींतही पोचतात. कर्क यांनी या सगळ्याला विकरांनी केलेलं ज्वलन म्हटलं. 25 अंश सेल्सिअसच्या आसपास, ओल्या भुशात, धुराशिवाय चाललेलं ज्वलन.

पण बुरशी हे परोपकारासाठी करत नाही. लिग्निन तिचं अन्नही नव्हे. नुसत्या लिग्निनवर तिला जगता येत नाही. ते तिच्या वाटेतला अडथळा आहे. तो दूर करून तिला त्याच साखरेपर्यंत पोचायचंय, जी आपल्याला गाईसाठी हवी आहे. मळणीच्या मजुराने धान्यातूनच मजुरी घ्यावी तसा हा व्यवहार. मजूर फार दिवस ठेवला, तर खळ्यात काही उरत नाही.

सगळी मेख या व्यवहारात आहे. भुशाला बुरशी लावल्यावर पहिले काही दिवस चारा सुधारण्याऐवजी बिघडतो, कारण सहज मिळणारी साखर ती आधी फस्त करते. मग लिग्निनला हात घालते, तेव्हा पचनीयता चढू लागते. एका टप्प्यानंतर ती सेल्युलोजवर ताव मारते आणि आलेख पुन्हा उतरतो. आपल्याला हवा तो अधला काळ. तो किती, हे बुरशीच्या जातीवर अवलंबून. काही जाती अधाशी असतात, लिग्निन आणि साखर एकदम खातात. फॅनेरोकीटे क्रायसोस्पोरियम, जिच्यावर सगळं मूलभूत संशोधन झालं, तीच या कामी फारशी उपयोगाची नाही. सेरिपोरिऑप्सिस सबव्हर्मिस्पोरा नावाची बुरशी मात्र निवडक खाते. लिग्निन बरंच मोडते आणि सेल्युलोजला कित्येक आठवडे फारसा धक्का लावत नाही. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठात गव्हाच्या भुशावर बरीच वर्षं काम झालं, त्यात हिचा आणि शिताके अळंबीचा निकाल चांगला लागला.

मी घरी धिंगरी वाढवून पाहिली आहे, तेव्हा या गोष्टीचा थोडा स्पर्श झाला. उकडून निथळलेला भुसा पिशवीत भरून त्यात अळंबीचं बियाणं, ज्याला सगळे स्पॉनच म्हणतात, मिसळलं की काही दिवस काहीच होत नाही. मग दाण्यांभोवती पांढरे धागे दिसतात, ते एकमेकांना भेटतात आणि सुटा भुसा बघता बघता एकसंध ठोकळा होतो. पिशवी हाताला कोमट लागते, कारण आत खरोखरच काहीतरी जळत असतं. मला सर्वांत आवडतो तो वास, पहिल्या पावसानंतर झाडाखाली येतो त्याच्या जवळचा. आणि काडी बोटांत धरून मोडली तर आवाज येत नाही. कोरडा भुसा कडकन मोडतो, ही काडी नुसती विलग होते.

याविषयी जे उत्साहाने सांगितलं जातं, त्यातलं प्रथिनांचं प्रकरण मात्र जपून ऐकावं. बुरशीने प्रथिनं वाढतात म्हणतात. हिशेब करून पाहू. 100 किलो कोरड्या भुशात प्रथिनं 4 किलो धरा. बुरशीने त्यातला 20 किलो माल श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड करून हवेत सोडला. उरला 80 किलो, प्रथिनं तेवढीच 4 किलो. टक्केवारी 4 वरून 5 झाली आणि एक कणही वाढला नाही. बुरशी हवेतला नायट्रोजन धरत नाही. भुशात होता तेवढाच तिच्या अंगात जातो. त्यातही चाऱ्याच्या तपासणीत सहसा नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणतात आणि त्याला प्रथिन म्हणतात, मग बुरशीच्या भित्तीतल्या कायटिनचा नायट्रोजनही प्रथिन म्हणूनच मोजला जातो. गाईला खरा लाभ होतो तो मोकळ्या झालेल्या साखरेचा. प्रथिनांसाठी पेंड लागेल ती लागेलच.

मग भुशात नायट्रोजन बाहेरून घालावा, युरिया टाकावा, बुरशी त्याचं प्रथिन करील? इथे निसर्गाने एक खोडी करून ठेवली आहे. अनेक श्वेतकुज बुरशा लिग्निनकडे वळतात त्या नायट्रोजनची उपासमार झाल्यावरच. लाकडात नायट्रोजन अत्यल्प; तो चणचणीचा इशारा मिळाला की त्यांची ती विकरं सुरू होतात. खत घालून त्यांना सुखात ठेवलं, तर त्या लिग्निनच्या भानगडीत पडत नाहीत. चिलीचं ते लाकूड इतकं सुरेख कुजतं त्यामागे जंगलातली थंडी आणि ओल आहे, तशीच लाकडातली ही नायट्रोजनची टंचाईही आहे. एकाच बुरशीकडून मोकळी साखर आणि भरघोस प्रथिन दोन्ही मागणं म्हणूनच अवघड जातं.

कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत 1980च्या दशकात या पेचातून एक वाट काढून पाहिली गेली. आधी भुशाला 4 टक्के युरियाची प्रक्रिया द्यायची, मग मोकळ्या अमोनियाला प्रथिनात बांधण्यासाठी त्यावर कॉप्रिनस ही अल्कलीत आणि अमोनियात तग धरणारी बुरशी वाढवायची. कल्पना देखणी होती. शेवटी अडचण तीच आली. बुरशी प्रथिन बनवते ते भुशातलीच ऊर्जा जाळून. जेवढा माल हवेत गेला, त्या मानाने जनावरांच्या पदरात पडलेलं थोडं होतं. शेतावर ही पद्धत रुजली नाही, तिच्या पहिल्या पायरीवरची नुसती युरिया प्रक्रिया मात्र राहिली. अशा प्रयत्नांना अपयश म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मजुरी किती पडते, हे कोणीतरी मोजायलाच हवं होतं.

बुरशीची भीतीही निराधार नाही. 1930च्या दशकात युक्रेनमध्ये हजारो घोडे तोंडाला फोड येऊन, रक्तस्राव होऊन मेले. कारण निघालं काळी बुरशी चढलेला पेंढा. पंजाबात देघ नाल्याच्या काठच्या म्हशींना कान, शेपूट आणि खूर झडण्याचा रोग व्हायचा, तो बुरशी लागलेल्या भाताच्या पेंढ्याशी जोडला जातो आणि आजही त्या नाल्याच्या नावानेच ओळखला जातो. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी दगावले आणि खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीतून अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष उजेडात आलं. हे विष खाणाऱ्या जनावराच्या दुधातही उतरतं. त्यामुळे 'बुरशीने चारा सुधारतो' हे वाक्य सुटं कोणाच्या हाती देणं धोक्याचं आहे. साठवणुकीत ओल लागून आपोआप आलेली बुरशी आणि मुद्दाम निवडून पेरलेली बुरशी यांत गल्लत करायची नाही. हिरवा, काळा, पिवळा रंग दिसला, आंबूस किंवा घाण वास आला की तो माल फेकायचा. वरचा थर काढून खालचा वापरू, हा विचारही नको. विष तंतूंच्या पुढे गेलेलं असू शकतं.

म्हणूनच पेरण्याआधी भुसा निर्जंतुक नाही तरी निदान स्वच्छ करावा लागतो आणि खर्च नेमका इथे येतो. गरम पाणी, वाफ किंवा चुन्याची निवळी, काहीही वापरा. पण अळंबीला मोल असतं म्हणून तिथे हे परवडतं, भुशाला कुठलं मोल? काडी हलकी आणि फुगीर, टनभर भुसा म्हणजे डोंगर. त्याला भिजवायचं, तापवायचं, निववायचं, स्वच्छ हातांनी बियाणं मिसळायचं, आठवडेच्या आठवडे सांभाळायचं. ढीग मोठा केला तर आतली उष्णता बुरशीलाच मारते. लहान केला तर जागा आणि हात पुरत नाहीत. मोठ्या गोठ्यांना हे सगळं करण्यापेक्षा धान्य विकत घेणं सोपं वाटतं, आणि जमाखर्चाच्या वहीत ते बरोबरही असतं. ती वही तेच धान्य माणसाच्या ताटात जाऊ शकलं असतं याची नोंद ठेवत नाही, एवढंच.

हा धंदा नीट बसवला तो वाळवीने. वारुळं बांधणाऱ्या काही वाळव्या सुमारे 3 कोटी वर्षांपासून बुरशीची शेती करताहेत. काडी, पान, लाकूड चघळून, पोटातून काढून त्या त्याचा पोळ्यासारखा थर रचतात, त्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढते. वाळवी त्या थराला वरून नवा माल जोडत जाते आणि खालून जुना, लिग्निन मोडलेला माल खात जाते. बुरशीला किती दिवस द्यायचे, हा प्रश्न तिने जागेच्या मांडणीत सोडवून टाकला. ओल, उष्णता, खेळती हवा हे सगळं वारूळ बघतं. आपण विकरांना नावं देत बसलोय.

तरी अलीकडचं एक काम मला आशा देतं, आणि ते दिसायला अगदीच साधं आहे. बुरशीने तयार झालेला भुसा ओला असतो. वाळवायचा तर पुन्हा खर्च, तसाच ठेवला तर बुरशी खातच राहते. वाखेनिंगनमध्ये तो मुरघासासारखा घट्ट दाबून, हवा बंद करून ठेवून पाहिला. श्वेतकुज बुरशीला हवा नाही म्हणजे काम नाही, ती थांबते. भुसा बरेच आठवडे टिकला आणि पचनीयताही टिकली. म्हणजे वाफेची आणि उन्हाची वाट न पाहता, पिशवीचं तोंड आवळून बुरशीला नेमक्या दिवशी रजा देता येते.

यातून सगळे प्रश्न सुटत नाहीत. निववलेल्या भुशावर परकी बुरशी बसण्याचा धोका राहतोच, आणि जनावर नवा वास असलेला चारा पहिल्या दिवशी बहुधा हुंगून सोडून देतं. आधीच्या चाऱ्यात थोडा थोडा मिसळत न्यावा लागतो. अळंबी काढून झाल्यावर उरलेला भुसा चालेल का, असंही विचारलं जातं. चालतो, पण त्यातली बरीच साखर अळंबीने आधीच नेलेली असते, त्यामुळे तो दुय्यम चारा समजावा, आणि तोही ताजा, हिरवा डाग नसलेला असेल तरच. चाऱ्यासाठीच भुसा तयार करायचा, तर अळंबीचा मोह टाळून कोंब फुटायच्या आधीच पिशवी बंद करायला हवी. माझ्या अंदाजाने हे पहिलं जमेल ते चार-दोन जनावरं आणि शेजारी अळंबीची खोली असलेल्यांना. बियाणं, वाफेची सोय आणि हिरवी बुरशी लांबून ओळखणारी नजर त्यांच्याकडे आधीच असते.